उघाडीच्या फळ्यांचं कपाट

आमच्या घरात नवं लाकूड कधी आलंच नाही. दार, खिडकीची झडप, चार पाट, भांड्यांची मांडणी, देवाची फळी, मी ज्यात वाढले तो पाळणा, एवढंच काय, आईची विळी ज्या फळीवर बसवलेली होती ती फळीसुद्धा उघाडीची होती. उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधात बसवलेलं फळ्यांचं दार. भरतीला ते वर उचलायचं, खाडीचं पाणी आत घ्यायचं, आणि हवं तेवढं आलं की खाली सोडून द्यायचं. आमच्या कोपरी गावाच्या खालच्या अंगाला खाडीपर्यंत मिठागरं पसरलेली होती, त्यांतल्या उघाड्या सांभाळणं हे माझ्या वडिलांचं काम. फळी सागाची असली तरी वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभी राहून तिचा खालचा भाग झिजायचा, किड्यानं चाळणी व्हायची. मग मालक नवी फळी बसवायला लावत आणि जुनीकडे बोट दाखवून बाबांना म्हणत, "घेऊन जा सरपणाला." बाबांनी त्यातली एकही फळी चुलीत घातली नाही. सरपण संपलं की आई त्या फळ्यांच्या ढिगाकडे नुसती बघायची, आणि बाबा ढिगासमोर जाऊन उभे राहायचे.

बाबा जातीचे सुतार नव्हते. आम्ही आगरी, मीठ पिकवणारे आणि खारात, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीत, भात लावणारे. सुतारकी ते बघून बघून शिकले होते आणि निम्मी शिकायची राहून गेली होती. एक करवत, एक वाकस, एक रंधा आणि मूठ तुटलेली पटाशी एवढी हत्यारं. ओहोटी लागली आणि उघाड्यांचं काम नसलं की अंगणातल्या भेंडीच्या झाडाखाली बसायचे आणि आधी फळीतले जुने खिळे काढायचे. गंजलेला खिळा लाकडातून निघताना किंचाळतो. तो आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे. आजही कुठे ऐकला तर मला भूक लागते, कारण तो यायचा तेव्हा आत आई तव्यावर तांदळाची भाकरी टाकत असायची आणि निखाऱ्यावर सुका बोंबील भाजत असायचा. निघालेला खिळा बाबा दगडावर ठेवून ठोकून सरळ करायचे आणि डब्यात टाकायचे. पुन्हा तोच वापरायचा. मग रंधा. वरचा काळा, खरबरीत थर निघाला की आतून सागाचा पिवळा रंग वर यायचा, आणि बाबा मला हाक मारायचे, "चांगू, बघ गो, आतून कशी नवरी हाय ती." मी बघायचे. खिळ्यांची भोकं, किड्यांची भोकं आणि मधे पिवळी नवरी.

त्यांची एकही वस्तू सरळ उभी राहत नसे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. एक चौरंग केला तो इतका डुलायचा, की त्याच्यावर बसून जेवणाऱ्याला होडीत बसल्यासारखं वाटे. बाबा म्हणाले, जमीन वाकडी आहे. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हां, नाचता येना न् आंगन वाकरा!" बाबांना राग येत नसे. ते म्हणायचे, "समिंदराचा पानी अरवून धरला या फलीनं. तुझ्या टोपांचा भार नाय धरनार व्हय?" आणि ते खरं होतं. मांडणी तिरकी होती, पण तिच्यावरून टोप कधी पडला नाही.

आता ज्या गोष्टीवरून पुढचं सगळं घडलं ती सांगते. पावसाळा लागला की आमच्या घरातल्या लाकडाला घाम यायचा. दाराच्या फळीवर, मांडणीवर, पाटांवर बारीक थेंब जमायचे. आई सकाळी चूल पेटवायच्या आधी एक फडकं घेऊन सगळं पुसून काढायची, जसं अंगण झाडायचं, पाणी भरायचं, तसंच. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. माणसाला उन्हाळ्यात घाम येतो, लाकडाला पावसाळ्यात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. लाकडात मुरलेलं मीठ पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं, हे आम्हाला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. मीठ पाझरतं हे तर आम्ही जन्मापासून बघत होतो. पण उघाडीचं सोडून दुसरं लाकूड आमच्या हाताखालून कधी गेलंच नव्हतं, आणि ओल लागून बिघडेल असं काही घरात नव्हतं. टोपाला घामाचं काय? माझी दोन पुस्तकं होती, ती कापडी पिशवीत, आणि पिशवी चुलीजवळच्या खुंटीला.

गावातली चौथी संपल्यावर बाबांनी मला ठाण्याच्या मुलींच्या शाळेत घातलं. रेल्वेचं फाटक ओलांडून टेंभी नाक्याच्या बाजूला चालत जायचं. आमच्या आळीतून इतक्या लांब शिकायला जाणारी मी पहिलीच, म्हणून जाताना माझ्याकडे बायका अशा बघायच्या की मी एकतर कलेक्टर होणार किंवा वाया जाणार. वर्गशिक्षिका दामलेबाई. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. एक दिवस कुणीतरी शाळेला दिलेली पुस्तकं गोणीत भरून आली. गोष्टींची, भूगोलाची, एक जाडजूड शब्दकोश. बाई म्हणाल्या, "मुलींनो, पुस्तकं आलीत खरी, पण ठेवायची कुठे? मागची निम्मी उंदरांनी वाचून टाकली." सगळ्या हसल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, माझे बाबा कपाट करून देतील." मी असं का म्हणाले? मला वाटतं, त्या वर्गात माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. माझ्या बोलण्याला मुली हसत, डब्यातल्या कालवणाच्या वासाला नाक मुरडत. बाईंनी विचारलं, "अगं, सुतारकाम करतात का ते?" मी मोठ्यानं म्हटलं, "हो." आणि खाली बसल्यावर तो डुलणारा चौरंग डोळ्यांपुढे आला.

घरी मी हे जेवताना सांगितलं, बाबांच्या तोंडात घास असताना, म्हणजे लगेच ओरडता येणार नाही. त्यांनी घास गिळला, वर पाणी प्यायले आणि विचारलं, "केवरा मोठा पायजे?" बस्स, एवढंच. नंतर ते एकदा शाळेत येऊन भिंत मापून गेले. गाठी मारलेली एक दोरी होती त्यांची, तीच मोजपट्टी. सबंध हिवाळा ते कपाट चाललं होतं. जपून ठेवलेल्या चांगल्यातल्या चांगल्या फळ्या त्यांनी त्यासाठी काढल्या. या वेळी एकही खिळा वाकडा घेतला नाही, कोपरे पुन्हा पुन्हा जुळवले, आणि एक दार तर तीनदा सोडवून बसवलं. आईसुद्धा या वेळी काही बोलली नाही. उलट दुपारी गुळाचा चहा भेंडीखाली नेऊन द्यायची आणि उभी राहून बघायची. चार फळ्यांचं, दोन दारांचं, बाईंच्या डोक्याहून हातभर उंच असं ते कपाट सरळ उभं राहिलं तेव्हा बाबा त्याच्याभोवती दोनदा फिरले. त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

परवा माझ्या नातवानं डोंबिवलीच्या घरात एक टेबल आणलं. म्हणाला, आजी, हे जुन्या लाकडाचं आहे, बघ, खिळ्यांची भोकंसुद्धा तशीच ठेवलीत. त्याची किंमत ऐकून मी खुर्चीत बसले. तो बाहेर गेल्यावर मी बोट ओलं करून टेबलावर फिरवलं आणि जिभेला लावून पाहिलं. पॉलिशची चव होती. हे मी त्याला सांगितलेलं नाही, तो मला डॉक्टरकडे नेईल.

कपाट बैलगाडीतून ठाण्याला गेलं. दामलेबाईंनी त्याला कुंकू लावलं, नारळ ठेवला, आणि तोच नारळ सगळ्या वर्गासमोर बाबांच्या हातात दिला. बाबांना तो कसा धरावा कळेना. तान्हं मूल धरावं तसा दोन्ही हातांनी धरून ते कोपरीपर्यंत चालत आले, आणि पुढे पंधरा दिवस आईला फोडू देईनात. कपाटाची किल्ली बाईंनी माझ्याकडे दिली. काळ्या दोऱ्यात ओवून मी ती गळ्यात घातली. त्या दिवसानंतर माझ्या बोलण्याला हसायचं मुलींनी कमी केलं, कारण पुस्तक हवं असेल तर माझ्याकडेच यावं लागे.

आषाढाचा पहिलाच आठवडा असेल. सकाळी मी कपाट उघडायला गेले आणि दाराला हात लावला तर हात ओला. मला काही वाटलं नाही. मी परकराच्या ओच्यानं दार पुसलं, आईसारखं. मग सवयीनं बाईंचं टेबल पुसायला गेले, तर ते कोरडं. खिडकीच्या चौकटीवर हात फिरवला. कोरडी. फळ्याची चौकट, दार, उंबरा, सगळं कोरडं. त्या रिकाम्या वर्गात मी एकेका लाकडाला हात लावत फिरले, आणि मला उमजलं, की घाम फक्त आमच्याच लाकडाला येतो. आतल्या फळीवरचं गोष्टीचं पुस्तक उचललं तर खालचं पान फळीला चिकटून बसलं होतं.

बाबांना हे कळता कामा नये, हा एकच विचार माझ्या मनात आला. शाळेचं काय होईल, पुस्तकांचं काय होईल, हे नंतर. तो नारळ दोन्ही हातांनी धरून चालणारा माणूस मला दिसत होता. त्याच्या कपाटावरून ज्या मुली टोमणे मारतील त्यांची नावंसुद्धा मला माहीत होती. दुसऱ्या दिवसापासून मी घरून तासभर आधी निघायला लागले. आईला सांगितलं, बाईंनी झाडलोट सांगितलीय. येऊन सगळं कपाट आतून-बाहेरून पुसायचं, पुस्तकं काढून फळ्या पुसायच्या, पुन्हा लावायची, फडकं खिडकीबाहेर पिळायचं. खालच्या तीन फळ्यांना माझा हात पोचायचा. सगळ्यात वरच्या फळीला नाही. आम्ही मुली जमिनीवर पट्ट्यांवर बसायचो, वर्गात चढायला काही नव्हतं, आणि बाईंच्या खुर्चीवर पाय ठेवायची माझी छाती नव्हती. वरच्या फळीवर शब्दकोश होता आणि बाईंची स्वतःची चार पुस्तकं.

एक दिवस बाईंना एका पुस्तकावर डाग दिसला. "चांगुणा, हे ओलं कशानं झालं गं?" मी म्हटलं, "बाई, वरून गळतंय." किती पटकन आलं ते तोंडातून! बाईंनी शाळेच्या शिपायाला, गणूमामांना, छपरावर पाठवलं. भर पावसात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन तो म्हातारा वर चढला, कौलं चाळली, खाली येऊन म्हणाला, "बाई, एक थेंब नाही येत." चार दिवसांनी दुसऱ्या पुस्तकाला डाग. मी पुन्हा तेच सांगितलं. गणूमामा पुन्हा चढले, आणि या वेळी उतरताना शेवाळावरून पाय घसरून नडगी सोलून घेतली. कुणीतरी हळद आणली. मी तिथेच उभी होते. मला वाटलं होतं, आता आपण खरं सांगू. तोंड उघडलंसुद्धा. पण तोंडातून निघालं ते, "मामा, पाणी आणू का?" आयुष्यात मी पुढे पुष्कळ चुका केल्या, पण गणूमामांच्या त्या नडगीची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मग मला हिवताप आला. आठ-नऊ दिवस मी घोंगडीखाली कुडकुडत पडले होते. मला सारखं कपाट दिसायचं. आई नंतर सांगायची, मी तापात बरळत होते, "पुस गो, पुस, घाम पुस," आणि ती बिचारी रात्रंदिवस माझं कपाळ पुसत होती. म्हणायची, "पुसत त हाय बाय, आनखी किती पुसू?" मध्ये चार दिवस पाऊस उघडला, कडक ऊन पडलं. मला बरं वाटायला लागलं आणि मी शाळेत गेले, तर वर्गाच्या जमिनीवर पुस्तकं ओळीनं पसरलेली होती. फुगलेली, वाकडी झालेली, काहींवर हिरवी बुरशी. शब्दकोशाची पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. दामलेबाई त्यांच्यामधे उकिडव्या बसल्या होत्या. माझ्याकडे बघून रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं वाटतंय का आता? उद्या वडिलांना घेऊन ये हं. मला त्यांच्याशी बोलायचंय."

घरी मी एवढंच सांगितलं, "बाईंनी बोलावलाय तुला." बाबांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला, पांढरी टोपी घातली आणि गाठींची दोरी खिशात टाकली. फाटक बंद होतं. फाटकवाला ओळखीचा. त्याला सांगायला लागले, "पोरीचे शालेत चाललोय. दुसरा कपाट पायजे असंल बाईला. माप घेवाला बोलावलाय." मी त्यांचा सदरा ओढला. "बाबा," म्हटलं. "काय गो?" म्हणाले. इतके खुशीत होते, की मी म्हटलं, "काय नाय." फाटक उघडलं आणि आम्ही पलीकडे गेलो.

वर्गात मुली आपापल्या जागेवर बसलेल्या होत्या. बाईंनी बाबांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. ते जमिनीवरच्या पुस्तकांकडे बघत होते. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही इतक्या मेहनतीनं केलंत, म्हणून तुम्हालाच विचारावं म्हटलं. आम्हाला वाटलं छप्पर गळतंय. गणूमामा दोनदा चढले वर. पण गळत नाहीये. मग ओल येते कुठून?" बाबा कपाटाजवळ गेले. टाचा उंचावून वरच्या फळीवर बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांसमोर जिभेला लावलं. माझ्या मागे कुणीतरी फिसकन हसली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं होतं.

बाबा वळले. "बाई, छपराला बोल नका लावू," म्हणाले. "माझा कपाट गलतंय. उघारीची फली हाय. हिच्यात मीठ हाय. घरा सगला असाच गलतंय, पन घरा कागूद नाय ना, मना कवा समाजलाच नाय." त्यांनी हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगितलं. ज्या वाक्याला भिऊन मी महिनाभर खोटं बोलले, ते वाक्य त्या माणसाला इतकंसंसुद्धा जड गेलं नाही. मग विचारलं, "वर चढलेले त्ये मामा कुठं हायत?" गणूमामा दारातच उभे होते. त्यांच्यासमोर मात्र बाबांनी हात जोडले. "तुमाला लागला त्यो माझ्यापायी लागला."

"अहो, असू दे, असू दे," गणूमामा म्हणाले आणि नडगी धोतराखाली लपवायला लागले.

पण बाबांचं लक्ष पुन्हा कपाटाकडे गेलं होतं. दारावर एक रेघ होती. मला ती तोवर दिसली नव्हती, कारण मी नेहमी जवळ उभी राहून पुसायचे. रेघेच्या वर लाकडावर मिठाचा पांढरा थर धरला होता. उघडीपीत वाळून तो चांगलाच उठून दिसत होता. रेघेच्या खाली लाकूड स्वच्छ, पुसून पुसून तुकतुकीत. दोन्ही दारांवर, दोन्ही बाजूंवर, एकाच उंचीवर. बाबा ती रेघ बघत राहिले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "चांगू, हिकरं ये." मी गेले. "हात वर कर." मी हात वर केला. माझी बोटं बरोबर रेघेला टेकली.

दामलेबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या. बाबांनी माझा वर केलेला हात मनगटाला धरून खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला. तळव्याला मिठानं चिरा पडल्या होत्या, त्यांच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांच्या स्वतःच्या हातांना आयुष्यभर तशाच चिरा होत्या.

परतताना त्यांच्या पाठीवर चादरीत बांधलेली ओली पुस्तकं होती. "बाई, सुकवून देतो," असं सांगून त्यांनी ती मागून घेतली होती. फाटक ओलांडल्यावर म्हणाले, "मना का नाय सांगला?"

मी म्हटलं, "तुला वायट वाटला असता."

"त मग वाटाचा," ते म्हणाले. "माझा काम चुकला, त वायट मना नाय वाटनार त कुनाला? तू येवरीशी पोर, माझा वायट तू कशाला वाहून नेतंस?" आणि थोडं चालून गेल्यावर, "त्या म्हाताऱ्याला लागला गो." एवढंच. मी रडत होते. त्यांनी मला गप्प केलं नाही. गाठोडं एका खांद्यावर घेऊन दुसऱ्या हातानं माझा हात धरला, आणि आम्ही तसेच घरी आलो.

आईनं ती पुस्तकं बघितली आणि सरळ चुलीवरच्या माळ्यावरचे सुके बोंबील खाली काढले. त्यांच्या जागी भूगोल आणि गोष्टी चढल्या. रोज ती एकेक पुस्तक उलटायची, पानं सुटी करायची, अक्षरओळख नसलेल्या त्या बाईच्या बोटांनी एक पान फाटलं नाही. शब्दकोशाची वीट तिनं सुईनं उकलली. पुस्तकं बचावली, पण धुराचा आणि बोंबलाचा वास त्यांतून कधी गेला नाही. व्याकरणाचं पुस्तक आमच्या मांजरीनं चाटून काढलं. इतक्या आवडीनं ते त्यानंतर कुणी हातात घेतलेलं मी पाहिलं नाही. शाळेत मुली तक्रार करायच्या, तर बाई म्हणायच्या, "नाक धरा आणि वाचा."

कपाट बाबांनी फळी फळी सोडवून घरी आणलं. खारातल्या शेतात पावसाचं गोडं पाणी साचवून ठेवलं, की जमिनीतलं मीठ उतरतं आणि भात येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा म्हणाले, "शेत गोरा व्हतंय, त फली का नाय व्हनार?" गोरा म्हणजे गोडं. त्यांनी सगळ्या फळ्या गावच्या तळ्यात दगडांखाली बुडवून ठेवल्या. दिवाळी होऊन गेली तरी त्या पाण्यातच. कपडे धुवायला येणाऱ्या बायका कुरकुरायच्या, कुणी म्हणायचं, या माणसानं आता तळ्यात मीठ पिकवायला घेतलंय. बाबा दर आठवड्याला पाण्यात उतरून फळ्या उलटायचे. मग बाहेर काढून सावलीत वाळवल्या, आणि थंडी सरता सरता पुन्हा भेंडीखाली रंधा सुरू झाला. या वेळी मी त्यांच्या शेजारी बसून होते आणि खिळे सरळ करत होते. एकदा त्यांनी मला दोरी धरायला उभं केलं, हात वर करायला लावला, तिथे गाठ मारली आणि पुन्हा कामाला लागले.

कपाट शाळेत उभं राहिलं तेव्हा दामलेबाई बघतच राहिल्या. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ बुटकं झालं होतं, रुंदी मात्र तेवढीच. बाई म्हणाल्या, "अहो, लहान कशाला केलंत? लाकूड कमी पडलं का?"

"नाय बाई," बाबा म्हणाले. "मीठ सगला गेला, असा शब्द मी नाय देत. परत घाम आयला, त पोरीचा हात पुरला पायजे."

पुढच्या आषाढात घाम आला. पहिल्यासारखा नाही, पण दाराच्या खालच्या कोपऱ्यात बारीक थेंब जमलेच. तास चालू होता, बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, आमच्या कपाटाला घाम आलाय. पुसते." बाई म्हणाल्या, "पूस." मी दप्तरातलं फडकं काढलं, सगळ्या मुलींच्या मधून चालत गेले आणि कपाट पुसून काढलं.